‘आता हे कोण करतं?’: नैराश्य, घरकाम आणि ऊसतोडीचा हंगाम

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. जमीन हलकी, मुरमाड. कापूस, सोयाबीन, थोडी बाजरी-तूर, आणि दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार कर्नाटकात बेळगावपर्यंत टोळ्या जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. वर्षातले काही महिने ओपीडीत उभं राहायला जागा नसते, आणि उरलेले महिने म्हातारी माणसं आणि लेकरंच येतात. सहा-नऊ महिने चालणारा कुठलाही उपचार या दोन्हींतून पार न्यावा लागतो.

मंदाताईंचं (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) वय ३६. नवरा-बायको मिळून एक कोयता. दीड एकर कोरडवाहू. घरात सासू, चौदा वर्षांची मुलगी आठवीत, धाकटा मुलगा पाचवीत. एकतिसाव्या वर्षी अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं या तक्रारींसाठी तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात त्यांची गर्भपिशवी काढली होती. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये हे इतकं सर्रास झालं होतं की २०१९ मध्ये राज्य सरकारला त्यावर चौकशी समिती नेमावी लागली. त्यामुळे कागदावर ‘हिस्टरेक्टॉमी’ दिसली की आमच्याकडे कुणाची भुवई वर जात नाही. जायला हवी.

अडचण कशी समोर आली

ओपीडीतून नाही. मंदाताई वर्षभरात अकरा वेळा आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. कधी कंबर, कधी डोकं जड, कधी हातापायाला मुंग्या, कधी छातीत धडधड. दर वेळी नवा केसपेपर, दर वेळी ड्युटीवर असेल तो डॉक्टर, आणि दर वेळी त्या त्या तक्रारीपुरतं औषध: दुखण्याची गोळी, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स. मधेच तालुक्याला जाऊन त्या ‘ताकदीचं सलाईन’ही लावून आल्या. तिथूनच झोपेची एक बारीक गोळीही सुरू झाली होती.

प्रकरण उघडलं ते शाळेमुळे. आठवीतली मुलगी जूनमध्ये शाळा उघडल्यापासून आठवड्यातून दोनच दिवस दिसते, असं गुरुजींनी आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्तीला, सांगितलं. आशाताई घरी गेल्या. सासू म्हणाली, “आई आजारी, मग भाकरी कोण करील?”

पुढच्या आठवड्यात मी आणि आशाताई सकाळी दहाच्या सुमारास त्या घरी गेलो. चुलीजवळ परात होती, परातीत अर्धवट मळलेलं पीठ होतं आणि त्याच्यावर पापुद्रा धरला होता. मंदाताई बाजूलाच भिंतीला टेकून बसल्या होत्या. “मळाया घेतलं अन् बसूनच ऱ्हायले,” त्या म्हणाल्या. मुलीनं काही न बोलता परात ओढून घेतली, पाण्याचा हात लावला आणि उरलेलं पीठ मळलं.

ओपीडीत आम्ही त्यांना अनेकदा विचारलं होतं, “घरचं काम होतंय ना?” त्यांचं उत्तर असायचं, “व्हतंय.” ते खोटं नव्हतं. भाकरी होत होती, पाणी भरलं जात होतं, शेळ्या चरून येत होत्या. घराचं काम थांबलं नव्हतं, त्यातलं बरंचसं मुलीच्या अंगावर गेलं होतं. त्या दिवसापासून ‘काम होतं का’ हा प्रश्न मी सोडला. एकेक काम घेऊन विचारते, हे आता कोण करतं? आणि दसऱ्याला कोण करत होतं?

तपासणी आणि पहिलं वळण

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४, थायरॉइड आणि साखर ठीक. इथे पहिला खरा निर्णयाचा प्रसंग आला. ९.४ म्हणजे ॲनिमिया आहेच, थकवाही त्यानं येतोच. एक कारण हाती लागलं की शोध तिथेच थांबतो. ग्रामीण ओपीडीतलं निम्मं नैराश्य लोहाच्या गोळ्यांखाली दडलेलं असतं, असं माझं मत झालं आहे. पण ९.४ हिमोग्लोबिनवर उन्हातान्हात खुरपणाऱ्या बायका मी रोज बघते. ज्या बाईला पीठ मळता मळता मधेच थांबावं लागतं, तिचं सगळं गणित त्या एका आकड्यात बसत नव्हतं. लोह सुरू केलंच, पण पुढंही बघायचं ठरवलं.

पिशवी काढताना अंडाशयं ठेवली होती, असं डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं. तरीही अशा शस्त्रक्रियेनंतर अंडाशयांचं काम वेळेआधी मंदावू शकतं, म्हणून अंगातून गरम वाफा निघणं, रात्री घामानं जाग येणं याबद्दल मुद्दाम विचारलं. ते नव्हतं. पहाटे तीन-साडेतीनला जाग येत होती आणि मग डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मग पीएचक्यू-९, नैराश्य मोजायची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहाच्या पुढे मध्यम, पंधराच्या पुढे मध्यम-तीव्र, वीसच्या पुढे तीव्र, असा साधारण हिशेब. आशाताईंनी तो आधी घरीच भरला होता, सासू शेजारी बसलेली असताना. गुण आले ८, म्हणजे सौम्य. या आकड्यावर विसंबलो असतो तर ‘महिन्यानं बघू’ एवढंच झालं असतं. पण पापुद्रा धरलेलं पीठ डोळ्यांसमोर होतं. बीपी-शुगरच्या खोलीत दार लावून, एकट्या मंदाताईंना सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरांऐवजी दिवस मोजले: गेल्या सोमवारी कसं होतं, बाजाराच्या दिवशी कसं होतं. गुण आले १७.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचाराबद्दलच्या प्रश्नाला, घरी ० होता. इथे १ आला. “मेलेलं बरं, असं वाटतं कधी कधी. पण लेकराकडं बघून गप ऱ्हाते.” ठरवलेलं काही नव्हतं, आधी कधी प्रयत्न केलेला नव्हता. फवारणीचं औषध घरात आहे का, हे विचारलं. खाटेखाली होतं.

या प्रश्नावलीच्या शेवटी एक दहावा प्रश्न असतो. या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालं? त्याचे गुण धरत नाहीत, म्हणून आमच्याकडे तो रकाना बहुधा कोराच असतो. या बाईच्या बाबतीत सगळी गोष्ट त्या कोऱ्या रकान्यात होती. म्हणून कामकाजाचं वेगळं मोजमाप घ्यायचं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेची हूडास २.० ही प्रश्नावली, तिचा बारा प्रश्नांचा छोटा अवतार. गेल्या तीस दिवसांत उभं राहणं, चालणं, घरच्या जबाबदाऱ्या, लक्ष लागणं, अंघोळ-कपडे, अनोळखी माणसांशी बोलणं, रोजचा कामधंदा किती जड गेला, हे ती विचारते. साधी बेरीज केली तर ० ते ४८. मंदाताईंचे आले २९. वर तीस दिवसांपैकी किती दिवस काम अजिबातच झालं नाही, हेही ती विचारते. उत्तर होतं बारा.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याचा. पुस्तकी दृष्टीनं निर्दोष. पण एसटीचा अख्खा दिवस, दोघांची मजुरी बुडणार, आणि नवरा स्पष्टच म्हणाला, “येड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणून गावात झालं, तर पोरीचं कसं व्हायचं मॅडम?” मुलगी चौदा वर्षांची असताना त्याच्या मनात तिचं लग्न होतं, हे तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं.

दुसरा पर्याय फक्त बोलण्यावर, समुपदेशनावर भागवण्याचा. ८ गुण असते तर तेच केलं असतं. १७ गुण, मरणाचे विचार आणि बारा दिवस ठप्प, एवढ्यावर ते पुरेसं वाटलं नाही.

तिसरा पर्याय केंद्रातच औषध सुरू करून सोबत घरपातळीवर काम करण्याचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं प्रशिक्षण आम्हाला झालेलं आहे, आणि जिल्ह्याच्या मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलता येतं. आम्ही हाच निवडला, मात्र एका अटीवर: मरणाचा विचार वाढला, बाई जेवायची थांबली किंवा भलतंच बोलायला लागली, तर त्याच दिवशी गाडी करून बीडला.

औषध कोणतं, यावर फोनवर बरीच चर्चा झाली. ॲमिट्रिप्टिलीन ही नैराश्याची गोळी केंद्रात होतीच, झोप आणि अंगदुखी दोन्हींसाठी ती आयती वाटते. पण तिचा जास्तीचा डोस हृदयाला घातक ठरतो, आणि ज्या घरात मरणाचा विचार आहे तिथे महिन्याची पाकिटं देणं मला पटेना. फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम, सकाळी, जेवणानंतर, असं ठरलं. त्यात एक सोयीचा गुण होता. ती शरीरात बरेच दिवस टिकते, एखाद-दुसरी गोळी चुकली तरी एकदम घात होत नाही. देण्याआधी ‘कधी आठ-आठ दिवस झोप न घेता उत्साहात, खर्च करत, भांडत गेले का’ हे त्यांना आणि नवऱ्याला विचारून घेतलं. तसं असतं तर निव्वळ नैराश्याची गोळी देऊन चाललं नसतं.

दोन गोष्टी सोबत आवरायच्या होत्या. एक, झोपेची ती बारीक गोळी, अल्प्राझोलाम. वर्षभर चालू असलेली अशी गोळी एकदम बंद करू नये, म्हणून ती अर्धी, मग पाव, मग एक दिवसाआड अशी हळूहळू सोडवली. दुसरी, रोजची दुखण्याची गोळी. ऊसतोडीत बायका ती सकाळच्या चहाबरोबर घेतात. फ्लुओक्सेटिनबरोबर ती रोज घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल दिलं आणि कारण नीट समजावलं.

काय केलं

फवारणीचं औषध त्याच संध्याकाळी दिराच्या घरी कुलपाच्या पेटीत गेलं. नवऱ्याला कारण अर्धंच सांगितलं, “बाई आजारी आहे, घरात विष नको,” एवढंच. त्यानं उलट प्रश्न केला नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मुलीच्या नाही, नवऱ्याच्या मोबाइलमध्ये भरून दिला. रात्री-बेरात्री आईला सांभाळायचं ओझं मुलीवर पडू नये, हा त्यात विचार होता.

पाचव्या दिवशी गोळी बंद पडली. मळमळतं म्हणून, आणि शेजारणीनं “एकदा लागली की सुटत न्हाई” म्हणून सांगितलं. आशाताई आठव्या दिवशी गेल्या म्हणून कळलं. पहिले आठ-दहा दिवस मळमळ होते आणि बरं वाटायला तीन-चार आठवडे लागतात, हे आम्ही सांगितलं होतं. पण ते मंदाताईंना सांगितलं होतं, घरात ज्यांचं चालतं त्या सासूला नाही. सासूला बोलावून पुन्हा सांगितलं. त्यानंतर सासूच सकाळी जेवण झाल्यावर गोळी काढून द्यायला लागली.

सीएचओ मॅडमनी बोलण्याच्या बैठका घेतल्या. धरलेली पद्धत नवी नाही. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत असंच काम केलं होतं आणि २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे चांगले निष्कर्ष आले. मन लागायची वाट न बघता आधी छोटं काम हातात घ्यायचं, मन मागून येतं, एवढाच तिचा गाभा.

कुठलं काम आधी? इथे आम्ही थोडा वाद घातला. सीएचओ मॅडमचं म्हणणं, जे आवडतं ते आधी, म्हणजे शेळ्या. मंदाताईंना शेळ्यांबरोबर डोंगराकडं जायला आवडायचं. माझं म्हणणं, सकाळची भाकरी आधी, कारण ती परत आईकडे आली तरच मुलगी शाळेत जाईल. शेवटी मंदाताईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, “भाकरीच. पोरीकडं बघवत न्हाई.” मग फक्त सकाळची भाकरी, तीही घरच्या पाचांची नाही, दोन लेकरांच्या डब्यापुरती. संध्याकाळचं सध्या आहे तसंच. शेळ्या आठवड्यातून दोनदा, जावेबरोबर. बचत गटाच्या बैठकीला जाऊन नुसतं बसायचं, बोलायचं काही नाही.

सहा आठवड्यांनी पीएचक्यू-९ आला ९. कागदावर निम्म्यावर. हूडास मात्र २९ वरून २५ वरच. झोप सुधारली होती, रडू कमी झालं होतं, मरणाचा विचार गेला होता. पण खुरपायला जाववत नव्हतं, बाजारात जायची भीती वाटत होती, हिशेब लक्षात राहत नव्हता. फक्त पहिला आकडा बघितला असता तर ‘सुधारणा चांगली’ लिहून पुढची तारीख लांबची दिली असती. मन आधी सावरतं आणि काम मागून येतं, कधी दोन-तीन महिने मागून, हे घरच्यांना सांगणं या टप्प्यावर सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. कारण नवरा म्हणायला लागला होता, “आता हसती-बोलती की, मग कामाला काय झालं?” बरं दिसणाऱ्या माणसावर आळशीपणाचा शिक्का बसतो तो इथेच.

दसरा जवळ आला

सप्टेंबरच्या शेवटी नवरा केंद्रात आला. जोडीच्या नावावर मुकादमाकडून ऐंशी हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जूनमध्येच घेतलेली. टोळी दसऱ्यानंतर कोल्हापूरकडे निघणार. बायको जाईल का?

न गेली तर तो अर्धा कोयता. उचल फिटणार नाही, पुढच्या वर्षावर चढणार. गेली तर पहाटे तीनला फडात, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची, मधेच रात्री गाडी आली तर उठायचं. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे हिशेबातून कापले जातात. नैराश्य उलटवायचं असेल तर मोडलेली झोप आणि अशी दमणूक हा सरळ रस्ता आहे. माझं पहिलं उत्तर ‘नको’ असंच होतं.

मग नवऱ्यानं तिसरा मार्ग सांगितला. “पोरीला नेतो. तिला येतं समदं.”

मुलगी आता आठवड्यातून पाच दिवस शाळेत जात होती. आईला विश्रांती द्यायची आणि तिच्या जागी मुलीला फडात उभं करायचं, म्हणजे जुलैत चुलीपाशी बघितलेलंच मोठ्या मापात. वैद्यकीय सल्ला म्हणून ‘आराम’ लिहून देणं किती सोपं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे त्या दिवशी टेबलावर स्पष्ट दिसत होतं.

मंदाताईंना बोलावलं. त्यांना जायचं होतं. “हितं ऱ्हाऊन आत्याबाईसंग चार भिंतीत जास्तच इचार येतील. तिकडं जाऊबाई हाय, बायका हायेत.” याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. टोळीत कष्ट आहेत पण सोबतही आहे. गावात आराम आहे पण ओस पडलेलं गावही आहे. नैराश्यातून उठणाऱ्या बाईसाठी यातलं काय जास्त जड, हे मोजायची प्रश्नावली नाही.

ठरलं ते असं. मंदाताई जातील. मुलगी आणि मुलगा गावातच राहतील, शाळेच्या हंगामी वसतिगृहात नावं लावायची. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी ही सोय असते, पण मागणी वेळेत करावी लागते, म्हणून गुरुजींना त्याच दिवशी फोन केला. गोळ्या दोन महिन्यांच्या, कारण मरणाचा विचार दोन तपासण्यांत शून्य होता. त्या नवऱ्याकडे राहतील. मराठीत एक चिठ्ठी, आजार, औषध, डोस, आमचा फोन, तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात दाखवायला. आशाताईंचा फोन दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी फोन चार्ज असतो.

मुकादमाला काय सांगायचं, यावर वेळ गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आजाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ‘येडी’ ठरलेल्या बाईला पुढच्या वर्षी उचल मिळेल का, ही भीती खरी होती. दुसरीकडे, काही न सांगता सवलत मिळणार नव्हती. मंदाताईंनी स्वतःच तोडगा काढला: रक्त कमी आहे, हे सांगायचं. तेही खरंच होतं. हिमोग्लोबिनचा कागद नवऱ्यानं मुकादमाला दाखवला आणि पहिला महिना रात्रीची गाडी भरायला त्यांना उठवायचं नाही, त्या वाढं (उसाचे शेंडे) बांधतील, एवढं कबूल करून घेतलं.

हंगामात

नोव्हेंबर नीट गेला. आशाताईंच्या वहीत दर आठवड्याला दोनच प्रश्न होते, गोळी आणि खाडे. एका महिन्यात एक खाडा, तोही तापामुळे.

डिसेंबरात टोळी दुसऱ्या गावच्या फडावर हलली, फोन लागेना, आणि दोन महिन्यांच्या गोळ्या संपल्या. नवऱ्यानं चिठ्ठी घेऊन जवळचा सरकारी दवाखाना गाठला. तिथे ती गोळी शिल्लक नव्हती. बाहेरून घ्यायची तर तालुक्याला जावं लागणार आणि त्या दिवसाचे पैसे कापले जाणार. म्हणून राहिलं. ती गोळी अंगात टिकते म्हणून पहिले पंधरा दिवस काही जाणवलं नाही, आणि हीच या गुणाची दुसरी बाजू: ‘सोडली तरी काही झालं नाही’ असं दोघांना वाटलं. जानेवारीच्या मध्यावर नवऱ्यानं स्वतः फोन केला. “आठ दिसात चार खाडे झाले. पहाटं उठतीया अन् कोपीतच (झोपडीतच) बसून ऱ्हातीया.”

फोनवर पीएचक्यू-९ घेतला, १४ आला, नववा प्रश्न शून्य. औषध पुन्हा त्याच डोसवर सुरू करायचं ठरलं. जिल्ह्याच्या तज्ज्ञांशी बोलून चिठ्ठी व्हॉट्सॲपवर पाठवली, आणि टोळीतला एक जण तालुक्याला जाणार होता त्याच्याकडून गोळ्या आणवल्या. फेब्रुवारीत खाडे दोनवर आले.

या काळात नवऱ्याच्या बोलण्यातला एक बदल मला औषधाइतकाच मोलाचा वाटतो. जुलैत तो म्हणत होता, ‘ती काम करीना.’ जानेवारीत त्यानं खाडे मोजून, गोळी कधी सुटली ते सांगून फोन केला होता.

परत आल्यावर

मार्चअखेर टोळी आली. एप्रिलमध्ये पीएचक्यू-९ ७, हूडास १४, हिमोग्लोबिन १०.८. काम अजिबात न झालेले दिवस, तीसपैकी एक. भाकरी दोन्ही वेळची त्यांच्याकडे. बाजाराला एकट्या जातात, मात्र हिशेबाला अजून मुलगी लागते.

मुलांचं थोडं वेगळं झालं. वसतिगृहात मुलगा टिकला. मुलगी फेब्रुवारीत आजीला बरं नाही म्हणून घरी आली आणि पंधरा दिवस पुन्हा चुलीपाशी होती, पण परीक्षा दिली आणि नववीत गेली. एप्रिलमध्ये तिला बघायला पाहुणे येणार असल्याची कुणकुण आशाताईंना लागली. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकांना सांगून आणि सासूची समजूत काढून ते सध्या थांबलं आहे. मंदाताई तेव्हा सासूसमोर पहिल्यांदा बोलल्या, “दहावी होऊस्तवर न्हाई.” हूडासमध्ये याला रकाना नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अकरा केसपेपर एकत्र कुणी बघितले असते तर आजाराचं निदान कितीतरी आधी झालं असतं. तिसऱ्यांदा वेगळ्याच दुखण्यासाठी आलेल्या आणि तपासणीत फारसं काही न सापडलेल्या माणसाला केसपेपरवर एक खूण करावी, एवढ्याशा गोष्टीनं हे जमतं. आम्ही आता कोपऱ्यात लाल टिंब करतो.

दोन महिन्यांच्या गोळ्या संपण्याची तारीख आम्हाला ठाऊक होती. त्याआधी पंधरा दिवस, फोन लागत असतानाच, कुरिअरनं किंवा गावातून जाणाऱ्या माणसाबरोबर पुढच्या गोळ्या पाठवता आल्या असत्या. हंगामात माणसं सारखी ये-जा करत असतात, कुणी अंत्यविधीला, कुणी लग्नाला. क्षयरोगाच्या गोळ्या अशाच पोचवतो. नैराश्याच्या गोळ्या तितक्या निकडीच्या आहेत, असं व्यवस्थेला अजून वाटत नाही, आणि थोडं आम्हालाही वाटत नव्हतं.

नवऱ्याला कुणीच काही विचारलं नाही. उचल त्याच्या डोक्यावर, बायको आजारी, मुलीच्या लग्नाची घाई त्याला सुटलेली. मराठवाड्यात शेतकरी पुरुषांच्या आत्महत्यांवर इतकं बोललं जातं, आणि तरी आमच्या दारात वर्षभर ये-जा करणाऱ्या या माणसाला नऊ प्रश्न विचारायला पुढचा मे उजाडला. त्याचे ६ आले. जास्त आले असते तर आश्चर्य वाटलं नसतं.

भाकरी आधी की शेळ्या आधी, या वादात मात्र मला अजून सीएचओ मॅडमचं म्हणणं पूर्ण खोटं वाटत नाही. भाकरीनं मुलगी शाळेत गेली, हे खरं. पण मंदाताई पहिल्यांदा हसल्या त्या शेळ्यांमागून आल्यावर. उपचाराचं माप म्हणून घरच्या कामाकडे बघताना, बाई घराला उपयोगी पडायला लागली म्हणजे बरी झाली, असा घोळ सहज होतो.

सध्या

बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते. जानेवारीत पुन्हा उलटल्यामुळे हा हिशेब फेब्रुवारी-मार्चपासून धरला, म्हणजे पूर्ण होतो तो ऑगस्ट ते डिसेंबरच्या दरम्यान, नेमका टोळी निघायच्या तोंडावर किंवा फडात असताना. या वर्षीची उचल घेऊन झाली आहे, रक्कम थोडी कमी, साठ हजार. गोळी गणपतीनंतर कमी करत आणायची की अख्खा हंगाम चालू ठेवून पुढच्या एप्रिलमध्ये सोडवायची, हे ठरायचं आहे. जिल्ह्याच्या तज्ज्ञांचं आणि माझं मत हंगाम पार पडू द्यावा असं आहे. मंदाताईंना ती आधीच सोडायची आहे, कारण गोळी चालू आहे तोवर सासू त्यांना आजारीच म्हणते. पुढच्या भेटीला सासूलाही बोलावलं आहे.